कापसाच्या दिवसांतला स्टॉपर

दिवाळी होऊन आठवडा उलटला की अकोल्याच्या हवेतली धग खाली बसते. सकाळी नळाचं पाणी हाताला बोचायला लागतं, अंगणात वाळत घातलेले कपडे दुपारपर्यंत दमट राहतात, आणि जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. गाड्या अशा गच्च भरलेल्या की कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर येऊ पाहतो. जाता जाता रस्त्याकडेच्या बाभळी त्यातला थोडा थोडा ओढून घेतात. मग मूर्तिजापूरपर्यंत काट्याकाट्यावर पांढरे पुंजके दिसतात. माझ्या एका पुण्याच्या मैत्रिणीला ती फुलंच वाटली होती, आणि मीही बडनेरा येईपर्यंत तिला खरं सांगितलं नव्हतं.

परवा बसमधून जाताना त्या बाभळी पुन्हा पांढऱ्या झालेल्या दिसल्या. आणि नईम सगळं सामान घेऊन घरी आला होता, तो हिवाळा आठवला.

नईम म्हणजे माझा नवरा. घरात मी त्याचं नाव घेत नाही; 'अजी, सुनो' एवढ्यावर आमचा इतक्या वर्षांचा संसार चालला आहे. कागदावर मात्र मी त्याला नावानं हाक मारते, अरे-तुरेही करते. मी शाळेत मराठी शिकवते. माहेर अमरावतीचं, सासर अकोल्याच्या जुन्या शहरातलं. घरात आम्ही उर्दू-हिंदी बोलतो, बाजारात वऱ्हाडी आणि फळ्यासमोर पुस्तकातली मराठी. तिन्हींत माझं नीट निभतं. नईमला फळ्यासमोरची अजून जमत नाही. त्याला तिची कधी गरजही पडली नाही; इथे त्याचं माझ्याशी बोलणं मराठीत आलं आहे ते मी केलेलं.

तो फुटबॉल खेळायचा. स्टॉपर. म्हणजे आपल्या गोलकीपरच्या पुढ्यात मधोमध उभं राहायचं आणि जो येईल त्याला अडवायचं. या जागेवरच्या माणसाचा फोटो पेपरात येत नाही. गोल मारणारा दोन्ही हात पसरून धावत असतो आणि त्याच्या मागे कुणाचा तरी खांदा दिसतो. तो खांदा नईमचा. अब्बांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लग्नाच्या वेळी हे समजावताना माझी पुरेवाट झाली होती. त्यांचं अमरावतीत शिलाईचं दुकान. ते म्हणाले, "फुटबॉल खेळतो हे कळलं. काम काय करतो?"

काम हेच होतं, आणि ते गावोगाव फिरून करायचं होतं. आधी कामठी, मग मुंबई, मग गोवा, कोलकाता, शिलाँग, शेवटी शेवटी केरळ. मोठ्या क्लबांत तो कधी नव्हता, आणि जिथे होता तिथेही फार दिवस टिकला नाही. एका मोसमापुरता करार, हॉस्टेलमधली एक खाट, आणि मोसम संपला की पुन्हा कुणाचा फोन येतो का याची वाट. जिथे जाईल तिथली भाषा तो गरजेपुरती शिकायचा, आणि स्टॉपरची गरज म्हणजे एकच वाक्य. मागे माणूस आहे. बंगालीत तो 'पेछोने लोक' म्हणून ओरडायचा, गोव्यात 'फाटल्यान मनीस', केरळात 'पिन्निल आळुण्ड'. सुट्टीत घरी आला की झोपेतही यातलं काहीतरी बडबडायचा. नवी नवरी असताना मी दचकून खरोखर मागे वळून बघायचे.

मी अकोल्यातच राहिले. माझी नोकरी होती, अम्मी, म्हणजे सासूबाई, एकट्या होत्या, आणि हॉस्टेलच्या खाटेवर दोघं मावत नाहीत. तक्रार होती का? होती. पण नईम घरी येणार म्हटलं की ती कुठे जायची, मलाच कळायचं नाही. तो एका पिशवीनिशी यायचा. बाकी सामान तिकडेच ठेवायचा, कारण परत जायचंच असायचं.

त्या वर्षी तो बादलीसुद्धा घेऊन आला.

रिक्षातून उतरला तेव्हा खांद्यावर दोन बॅगा, काखेत गुंडाळलेली सतरंजी आणि हातात निळी प्लास्टिकची बादली. बादलीत स्टीलचा मग, साबणाची डबी, चपला. मी दारात उभी होते. बादलीकडे पाहिलं आणि समजले. त्यालाही समजलं की मला समजलं. अम्मी मात्र आनंदानं पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "इत्ता सामान कैसा लाया रे?"

"सीझन देर से है इस बार," नईम म्हणाला.

मग रोज तेच. गल्लीतला चहावाला, मशिदीतून बाहेर पडणारे शेजारी, किराणा दुकानातले शेठ, सगळे प्रेमानं विचारायचे, "काय नईमभाई, कधी निघता?" आणि तो रोज म्हणायचा, "पाहू, फोन येऊन राहिला." सकाळी अंधुक उजेडात तो मोर्णेच्या काठानं धावायला जायचा. नदीवर जलकुंभी माजलेली, तिच्यावर धुकं, आणि त्या धुक्यातून डावा पाय किंचित जपत परत येणारा नईम मला गच्चीवरून दिसायचा. अम्मी ओव्याचं तेल कोमट करून त्याच्या गुडघ्याला चोळायच्या. त्या गुडघ्यावर शस्त्रक्रियेचा व्रण आहे, गांडुळासारखा. चोळताना त्यांचा अंगठा त्या व्रणापाशी थांबायचा, मग पुढे जायचा.

त्याच सुमाराला आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक लांब रजेवर गेले, आणि मुलींचा फुटबॉलचा संघ माझ्या गळ्यात पडला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "शाहीन, तुमच्या घरातच फुटबॉल आहे." घरात फुटबॉल असल्यानं तो येतो, असं त्यांना वाटलं असावं. मी घरी येऊन नईमला म्हटलं, "एक दिवस नुसते उभे राहा माझ्याबरोबर."

"मी कोच नाही."

"मी तरी कुठे आहे?"

तो आला. मुली रांगेत उभ्या होत्या, कुणाच्या पायात भावाचे बूट, कुणाच्या पायात पीटीचे पांढरे कॅनव्हास. नईमनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मैदानाकडे पाहत राहिला. आमची जमीन काळी. पावसाळ्यात ती बुटाला धरून ठेवते आणि थंडीत उकलते. मैदानभर हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या. तो वाकला, एका भेगेत बोटं घालून पाहिली आणि मुलींना म्हणाला, "उद्या घरून घमेलं आणा. नसन त टोपलं आणा."

पहिले काही दिवस मुलींनी बॉलला पायच लावला नाही. त्या भेगा बुजवत होत्या. माती, मुरूम, वरून पाणी, मग पायानं तुडवायचं. एका मुलीची आई शाळेत येऊन मला म्हणाली, "मॅडम, रस्त्याचं काम काढलं का तुमी?" नईम स्वतः पाट्या वाहत होता. एका पायावर जोर देत तो माती दाबायचा, उठायचा, दुसरी भेग शोधायचा. "पोट्ट्याहो," तो म्हणायचा, "इथं पाय मुरगळला त वर्षभर घरी बसा लागते. मले इचारा."

पहिल्यांदा तो त्यांच्याशी हसला तो तेव्हा. घरी येऊन त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्या मुलींत वैष्णवी होती. नववीत, अंगानं उंच, बोलायला अगदीच कमी. शहराबाहेरच्या एका गावातून एसटीनं यायची. वर्गात प्रश्न विचारला तर उभी राहून फळ्याकडे बघत बसायची, उत्तर येत असलं तरी. नईमनं तिला मागे, मधोमध उभं केलं. का, ते मला कळलं नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "बाकीच्या बॉलमागं पळतात. ही पळायच्या आधी पाहते."

मग तो तिला शिकवायला लागला. ते शिकवणं ऐकायला मी वह्या तपासायचं सोडून मैदानाच्या कडेला बसायचे. "तिच्या पायाकडं नोको पाहू. पाय फसवते. कंबरीकडं पाहाचं. कंबर जिकडं, पोरगी तिकडं." किंवा, "काहून घाई करून राहिली? तिले यायचं हाय, तुले कुठी जायचं हाय? थांब." 'थांब' हा त्याचा सगळ्यात आवडता शब्द होता. मी त्याला इतकी वर्षं जाताना पाहिलं होतं; तो इतका थांबायला सांगणारा माणूस आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि एका सोमवारी वैष्णवी आलीच नाही. मंगळवारीही नाही. तिच्या गावची संघातली दुसरी मुलगी, रेश्मा, म्हणाली, वेचणी लागली आहे.

आमच्याकडे या दिवसांत कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत. बोंडं एकदम फुटतात, आणि फुटलेला कापूस झाडावर ठेवून चालत नाही. घरातला प्रत्येक हात शेतात लागतो. मला हे ठाऊक होतं, म्हणून तिच्या वडिलांना काय सांगायचं ते सुचत नव्हतं. नईम म्हणाला, "जाऊन तर येऊ."

दादाराव, वैष्णवीचे वडील, तिफणीसारखे काटक होते. पोटाला बांधलेल्या ओट्यात कापूस भरत ते ओळीतून पुढे सरकत होते, आणि पलीकडच्या ओळीत वैष्णवी. तिची बोटं बोंडातून कापूस असा अलगद उचलत होती की मागे काडीकचरा येत नव्हता. आम्हाला पाहून ती थांबली नाही.

"मास्तर, मी नाई म्हणत नाई," दादाराव म्हणाले. "पण पोरगी गेली त दोन बाया लावा लागतात. अन् बाया भेटून नाई राहिल्या."

नईमनं वाद घातला नाही. तो शेजारच्या ओळीत शिरला आणि वेचायला लागला. पाच मिनिटांत त्याची बोटं बोंडाच्या टोकांनी ओरखडली आणि कापसात निम्मा पालाच आला. दादारावांनी ते पाहिलं. त्यांना हसू आवरेना.

"तुमी खेळात कोन्त्या जाग्यावर असता?" त्यांनी विचारलं.

"मांगं. येईल त्याले अडवाचं."

"म्हंजे कोपरा." दादारावांचा हात थांबला. "मी कबड्डीत डावा कोपरा होतो. माह्या हातातून पाय सुटला असं सांगनारा या पट्ट्यात नाई कोनी."

"मंग तुमाले माहीत हाय. पयल्या झपाट्यात हात घातला त गडी निसटते."

"अरे, थांबाच लागते," दादाराव म्हणाले. "तो वाकला का मंग धरा."

पुढचा अर्धा तास दोघं कापसाच्या ओळीत समोरासमोर वाकून उभे होते. एक फुटबॉलमधला पाय दाखवत होता, दुसरा कबड्डीतला पंजा. वैष्णवी वेचणं सोडून बघत होती. तिचा बाप कधी काही खेळला होता हे तिला बहुतेक त्या दिवशी कळलं. निघताना दादाराव मला म्हणाले, "सकायी खेळून येऊ द्या. दुपारून वेचन." आणि नईमला ओल्या तुरीच्या शेंगांची पिशवी दिली.

त्या शेंगा सोलतानाच तो फोन आला.

दुपार होती. अम्मी अंगणात उन्हाला पाठ करून बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात हिरवे सोले. नईमही सोलत होता. फोन वाजला तसा तो उठून भिंतीपाशी गेला आणि हिंदी-मल्याळम मिसळून बोलायला लागला. केरळातल्या त्याच्या जुन्या क्लबचा फोन. त्यांच्या स्टॉपरचा पाय मोडला होता, उरलेल्या मोसमासाठी हा येईल का. तो परत येऊन बसला आणि पुन्हा शेंग हातात घेतली.

"बुलावा आया," तो म्हणाला.

"जा बेटा," अम्मी म्हणाल्या. त्या नेहमी हेच म्हणायच्या.

मी विचारलं, "गुडघ्याचं काय?"

"पट्टी बांधीन."

रविवारी अमरावतीत मुलींचा सामना होता. त्याची गाडी त्याआधीची होती. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. थांबा, एवढंच मला म्हणायचं होतं. त्याच्याच आवडीचा शब्द. पण त्याच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. कुणाला तरी आपली गरज आहे हे कळल्यावर माणूस जसा दिसतो, तसा तो दिसत होता. मी त्याचे शर्ट इस्त्री करायला घेतले.

मुलींना त्यानं दुसऱ्या दिवशी मैदानावर सांगितलं. वैष्णवी बुटाची नाडी बांधत खाली बसली ती बराच वेळ बांधतच राहिली. मला तो बाजूला घेऊन म्हणाला, "ओरडू नकोस रविवारी. घाबरतात. काही सुचलं नाही तर वैष्णवीचं नाव घे, बस. बाकी तिला कळतं."

तर असं करून, ज्या बाईला ऑफसाइड म्हणजे काय ते आजही नीट सांगता येत नाही, ती मुलींचा संघ घेऊन अमरावतीला गेली. एसटीत मुली गाणी म्हणत होत्या आणि मी मनात दुआ म्हणत होते. मैदानावर अब्बा आधीच येऊन बसले होते, मांडीवर संत्र्यांची पिशवी. जावयाचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता. लेकीचा पाहायला आले. मुलींच्या शर्टांकडे बघून पहिलं वाक्य म्हणाले, "या बाह्या कुणी लावल्या?"

सुरुवात वाईट झाली. आमच्या मुली उत्साहात सगळ्याच पुढे धावल्या, वैष्णवीसुद्धा. बॉल त्यांच्या डोक्यावरून मागे गेला आणि समोरची एक चपळ मुलगी एकटीच गोलपर्यंत पोचली. मी ओरडले नाही. नईमनं सांगितलं होतं म्हणून नाही. काय ओरडायचं असतं तेच ठाऊक नव्हतं. मध्यंतरात अब्बांनी संत्री सोलून सोलून प्रत्येकीच्या हातावर ठेवली. वैष्णवी फोड तोंडात न घालता नुसती बोटात धरून बसली होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "वैष्णवी." ती माझ्याकडे बघून मान हलवून उठली.

दुसऱ्या अर्ध्यात ती मागून हलली नाही. ती चपळ मुलगी येत होती, वैष्णवी थांबत होती, आणि शेवटच्या क्षणी एक पाय पुढे करून बॉल काढून घेत होती. एकदा, दोनदा, पुन्हा. आम्ही एक गोल फेडलासुद्धा. आणि मग मला तो आवाज ऐकू आला. माझ्या वर्गात कधी न निघालेला, खणखणीत, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा.

"रेश्मा, मांगं मानूस हाय!"

मी अब्बांचा हात धरला. डोळ्यांत पाणी आलं म्हणून पुढची काही मिनिटं मला सामना दिसलाच नाही. शेवटी आम्ही एका गोलनं हरलो, कॉर्नरवरून, खूप गर्दीत. मुली रडल्या. अब्बा मात्र परतताना रिक्षा स्टँडपाशी म्हणाले, "म्हणजे नईम इतकी वर्षं हे करतो?"

"हो."

"मग सांगायचंस ना."

नईमचं तिकडे काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं, जेवताना, भाजी निवडताना. इथल्या कोरड्या थंडीतून तो तिथल्या दमट संध्याकाळी उतरला होता. पहिल्या सामन्यात तो बाकावरच होता. दुसऱ्यात शेवटी शेवटी कुणीतरी लंगडायला लागलं म्हणून त्याला आत पाठवलं. समोरचा पोरगा विशीचाही नसेल. तो डावीकडे वळणार हे नईमला आधीच दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. आणि पाय पोचला तेव्हा पोरगा निघून गेला होता. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो पोरगा आला तेव्हा नईमच्या तोंडून शब्द गेले, थांब, वैष्णवी, थांब.

"शाहीन, मी आत उभा होतो," तो मला म्हणाला, "पण बघत होतो बाहेरून."

मी विचारलं, वाईट वाटलं का. त्यानं विचार केला. म्हणाला, सामना संपल्यावर गुडघ्याची पट्टी सोडली आणि कडाडून भूक लागली. मच्छी-भात खाल्ला. मोसम संपेपर्यंत राहा, असं तिथले कोच म्हणत होते. चांगले लोक होते. दुसऱ्या दिवशी त्यानं तिकीट काढलं.

त्याला आता काही वर्षं झाली. नईमनं प्रशिक्षकाचा कोर्स केला. त्याच्या लेखी परीक्षेचा अभ्यास मी त्याच्याकडून घोकून घेतला आणि त्यात आमचं जेवढं भांडण झालं तेवढं संसारात झालं नव्हतं. आता सकाळी तो आमच्या मुलींना शिकवतो आणि आठवड्यातले दोन दिवस अमरावतीला जातो. कानटोपी घालतो. केस पांढरे झाले आहेत. वैष्णवी अमरावतीला शिकते, विद्यापीठाकडून खेळते, आणि तिच्यापेक्षा दादारावच नईमला जास्त फोन करतात. कापसाचा भाव काय पडला इथपासून सुरुवात होते आणि कोपरा कसा धरावा यावर येऊन थांबते.

मोसम संपला तरी स्टॉपर माणसातून जात नाही हे मला त्याच्याबरोबर राहायला लागल्यावर कळलं. हॉटेलात तो भिंतीला पाठ लावून बसतो. लग्नाच्या पंगतीत सगळे बसले की मग बसतो. बाजारातून जाताना माझ्या अर्धा पाऊल मागे चालतो. मी एकदा चिडून म्हटलं, "लोकांना वाटेल मी ओढून नेते आहे." तर म्हणाला, "इथून मला तू पण दिसतेस आणि समोरचं पण."

पण मला तो हिवाळा म्हटला की यातलं काही आठवायच्या आधी ती परतीची सकाळ आठवते. त्याचा फोन आला होता, 'येतोय,' एवढाच. किती दिवसांसाठी ते मी विचारलं नव्हतं. शाळेत मुलींचा सराव मीच घेत होते, म्हणजे त्या सराव करत होत्या आणि मी शाल गुंडाळून उभी होते. फाटकाशी रिक्षा थांबली. नईम स्टेशनवरून घरी न जाता सरळ मैदानावर आला होता. डोळे जागरणानं तांबारलेले, दाढी वाढलेली. बॅग त्यानं गोलच्या खांबाशी ठेवली आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

मुली खेळायच्या थांबल्या. पण कुणी जवळ गेलं नाही. वैष्णवी तेवढी पुढे आली, हाताची घडी घालून.

"आमी हारलो," ती म्हणाली.

"मॅडमनं सांगितलं."

"तुमी नव्हते."

"हाव," नईम म्हणाला. त्यानं कारण दिलं नाही.

"तिकडं खेळले का तुमी?"

"थोडंसं. जमलं नाई."

ती त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिली. मागे बाकीच्या मुली. मैदानावर कोवळं ऊन पसरायला लागलं होतं आणि रस्त्यावरून कापसाची एक गाडी करकरत चालली होती.

"आता पुन्ना कधी जाता?" तिनं विचारलं.

हा प्रश्न सबंध जुन्या शहरानं त्याला विचारला होता. मी कधी विचारला नव्हता. उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती. मी शालीचं टोक हातात घट्ट धरलं.

"नाई जात," नईम म्हणाला. "झालं माहं खेळणं. आता इथंच हाय."

त्यानं हे माझ्या आधी त्यांना सांगितलं. अम्मीच्याही आधी. राग यायला हवा होता, पण मी तिथेच कडेच्या दगडावर बसून घेतलं.

वैष्णवीनं थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, तो खरं बोलतो आहे का हे तपासून पाहावं तसं. मग हाताची घडी सोडली.

"मंग चाला," ती म्हणाली. "उभे काहून राहिले? मले नवाच्या गाडीनं वेचाले जाचं हाय."

आणि नईमनं चपला काढून बुटांसाठी बॅग उघडली.